दाराआडून ऐकलेलं

चेतन पौनीकरला मी पहिल्यांदा पाहिलं ते ग्रंथालयाच्या जिन्याखाली, डबा खाताना. उजव्या हातानं भाकर मोडत होता आणि डाव्या हातात पुस्तक होतं. पान उलटायची वेळ आली की पुस्तक मांडीवर ठेवून मनगटानं पान लोटायचा, बोटांचा रस्सा कागदाला लागू नये म्हणून. मी तेव्हा नुकतीच नागपुरात महाल भागातल्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते आणि गॅदरिंगसाठी मुलांचं एखादं नाटक शोधायला आले होते. नाटकांचं कपाट कुठलं, म्हणून विचारलं. त्यानं थांबा अशी खूण केली, हात धुऊन आला, आणि कपाटातून चार पुस्तकं काढली. त्यातली दोन परत आत ठेवली.

"हे दोन नका नेऊ, मॅडम. वाचाले बरे आहेत. पण यातली माणसं एकमेकायशी बोलतच नाहीत. सगळे आपले प्रेक्षकायले सांगून राहिले."

ग्रंथालयातला शिपाई असं बोलतो याचं मला नवल वाटलं, आणि मग नवल वाटल्याची लाज वाटली. तिथून आमची ओळख झाली. वर्षभरात 'मॅडम'चं 'प्रणाली' झालं.

चेतन मूळचा उमरेडचा, विणकरांच्या घरातला. घरी दोन हातमाग होते. तो नऊ वर्षांचा असताना वडील गेले, पुढच्या दोन वर्षांत आईही. त्याला वाढवलं ते मोठ्या बहिणीनं, गोपिकाबाईंनी. त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. तो त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचा. त्यांचं लग्न पारशिवनीकडच्या रुपरावांशी झालं होतं. रुपराव उमरेडच्या कोळसा खाणीत ठेकेदाराकडे कामाला होते, म्हणून लग्नानंतरही बाई उमरेडलाच राहिल्या आणि भाऊ त्यांच्याजवळच राहिला. मूलबाळ झालं नाही. शहाण्णव साली रुपराव रायपूरला चांगलं काम आहे म्हणून गेले. महिन्याभरात येतो म्हणाले. आले नाहीत. पहिली दोन पत्रं आली, मग तीही बंद झाली.

बाईंनी वर्षभर वाट पाहिली, माग विकले आणि भावाला घेऊन नागपूरला आल्या. टिमकीत दीड खोली घेतली आणि एका सावजी भोजनालयात मसाला वाटायला आणि भाकरी थापायला लागल्या. त्यांच्या त्या कामावर चेतन बी.ए. झाला. पुढे ग्रंथालयात लागला, आधी रोजंदारीवर, मग कायम.

तो वाचायचा कसा, हे सांगायला हवं. कथा-कादंबऱ्या तो घरी न्यायचा, पण नाटक मात्र ग्रंथालयातच वाचायचा, आणि पुटपुटत. लोक वळून पाहायचे. मी एकदा म्हटलं, "मनातल्या मनात वाच ना."

"नाटक मनात वाचलं की सगळी माणसं माझ्याच आवाजात बोलतात," तो म्हणाला. "मंग ते माझंच झालं ना. त्यायचं कुठं राहिलं?"

त्याच्या मते लेखकाचं अर्धं काम कानाचं होतं. तो एसटी स्टँडवर जाऊन बसायचा, कोर्टाच्या व्हरांड्यात उभा राहायचा, तर्री-पोह्याच्या गाडीवर एक प्लेट अर्धा तास पुरवायचा. खिशात शाळेची दोनशे पानी वही दुमडून ठेवलेली असायची. तारीख टाकायची आणि ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं. अशा वह्या त्याच्याकडे तीसच्या वर झाल्या होत्या. पण नाटक एकही पूर्ण होत नव्हतं. सात-आठ सुरू केलेली मी स्वतः वाचली. पहिला प्रवेश झकास असायचा, दुसऱ्यात माणसं थकायची.

"वाचून वाचून माझं नुकसान झालं," असं तो एकदा म्हणाला. आम्ही ग्रंथालयाच्या गच्चीवर उभे होतो. खाली कूलरच्या टाक्या भरायचं काम चाललं होतं. "चांगलं काय असते ते मले समजते. म्हणून मी लिहिलेलं चांगलं नाही हे बी लगेच समजते. ज्याले समजत नाही तो बिचारा लिहून मोकळा होते."

दोन हजार अठरा साली एका संस्थेनं एकांकिका स्पर्धा जाहीर केली. आमचा एक लहानसा नाट्यगट होता. अभिजीत दिग्दर्शन करायचा, मी काम करायचे. अभिजीतनं चेतनला विचारलं, तुझ्याकडे काही आहे का. चेतन तीन आठवडे गायब होता. मग एका रविवारी शाळेच्या रिकाम्या वर्गात येऊन त्यानं आम्हाला अठ्ठावीस पानं वाचून दाखवली.

एकच पात्र. एक बाई स्वयंपाक करते आहे आणि घर सोडून गेलेल्या नवऱ्याशी बोलते आहे, जणू तो समोर पाटावर बसला आहे. त्याला रागावते, त्याला दिवसभराचं सांगते, त्याच्यासाठी भाजीत मीठ कमी टाकते. एवढंच. पण पहिल्यांदाच त्याच्या लिहिण्यातलं माणूस शेवटपर्यंत थकलं नव्हतं. वाचन संपलं तेव्हा अभिजीतनं चष्मा काढून पुसला.

"हे सुचलं कुठून तुला?" मी विचारलं.

चेतन पानं गोळा करत होता. "घरी," तो म्हणाला. "बाई बोलते. रोजच बोलते, मी लहान होतो तेव्हापासून. तिले वाटते मी अभ्यास करून राहिलो, नाही तर झोपलो. स्वयंपाकघराचं दार ओढून घेते अन् बोलत राहते."

"त्यांना माहीत आहे का तू हे लिहिलंयस?"

"सांगीन," तो म्हणाला.

मी पुढे काही विचारलं नाही. भूमिका मला हवी होती.

अभिजीतला एकच गोष्ट खटकत होती: शेवट. नाटक नुसतंच संपतं, प्रेक्षक घरी काय नेणार, असं त्याचं म्हणणं. शेवटी दारावर थाप पडावी, बाईनं दार उघडावं आणि दारात नवरा उभा असावा, असं त्यानं सुचवलं. चेतन दोन दिवस नाही म्हणत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं तो शेवट लिहून आणला, आणि चांगला लिहिला होता.

मला ती बाई डोळ्यांनी पाहायची होती. चेतन मला घरी जेवायला घेऊन गेला. बाईंना सांगितलं, ग्रंथालयातली मैत्रीण आहे, तिला सावजी मटण शिकायचं आहे. गोपिकाबाई उंच, सडसडीत होत्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांनी मला शेजारी पाट दिला आणि मसाल्यातली एकेक वस्तू नाकाशी धरून दाखवली. हात मसाल्यानं भरलेले असले की त्या पदर सावरायला मनगटाची मागची बाजू वापरायच्या. हात वर जायचा, बोटं ताठ उघडी राहायची आणि मनगटानं पदर कानामागे सारला जायचा. मी ते तीन तास पाहिलं. घरी येऊन आरशासमोर करून पाहिलं.

जेवताना त्या मला म्हणाल्या, "लाजू नको वं, पोटभर जेव. शिकाले आली ना? तोंडाले चव राहिली पाहिजे, तरच हाताले येते."

स्पर्धा जानेवारीत झाली. बाईंना चेतननं प्रयोगाच्या दिवशी सकाळी सांगितलं, माझं नाटक आहे, चाल. विषय सांगितला नाही. नंतर तो मला म्हणाला की त्याला वाटलं होतं, तिला आनंद होईल. आपलं आयुष्य कोणीतरी लिहावं एवढं मोलाचं होतं, असं तिला वाटेल. पुस्तकांतून त्यानं तसंच वाचलं होतं: लेखक जे लिहितो ते माणसाला परत देतो.

मी रंगमंचावरून त्यांना पाहिलं. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, ठेवणीतलं करवतकाठी लुगडं नेसून. पहिली दोन मिनिटं मी पीठ मळत होते. मग पहिलं वाक्य: "आले काय तुम्ही? चपला बाहेर काढा. मागच्या खेपेले आले तं साऱ्या घरात माती केली." आणि त्या वाक्यानंतर मी थांबले. कमरेवर हात ठेवून रिकाम्या पाटाकडे पाहिलं. तालमीत हा विराम कधी घेतला नव्हता. तिथं आपोआप आला, आणि सभागृह हसलं.

नटाला पहिलं हसू मिळालं की पुढचं तो मागायलाच लागतो. मी मागितलं. मिठाच्या वाक्याला लोक हसले, शेजारणीच्या वाक्याला हसले, "तुमच्या भावानं तरी चिठ्ठी टाकाची होती" या वाक्यालाही हसले. मग मी मनगटानं पदर सारला. शेवटी दारावर थाप पडली, मी दार उघडलं, पडदा पडला, आणि टाळ्या थांबेनात. तिसऱ्या रांगेतली ती कडेची खुर्ची मला नंतर दिसली नाही. लोक उभे राहिले होते.

आम्हाला लेखनाचं आणि अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. मागच्या अंगणात सगळे चेतनला मिठ्या मारत होते, तेव्हा बाई आल्या. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. त्या चेतनच्या समोर उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "तू दाराआडून आयकत होता काय रे?"

चेतन म्हणाला, "बाई..."

"ते मी त्यायले सांगत होती. तुले नाही."

आवाज चढला नव्हता. मग त्या माझ्याकडे वळल्या. माझ्या चेहऱ्यावर अजून रंग होता. "हात चांगला उचलला तू," त्या म्हणाल्या, आणि फाटकाकडे चालायला लागल्या. चेतन मागे धावला. दोघं ऑटोत बसून गेले. बक्षिसाची ट्रॉफी अभिजीतनं घरी नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेतन उठला तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. बाई भाकरी थापत होत्या. कोणती भाजी करू, म्हणून त्यांनी विचारलं. डबा भरून दिला. रुसवा नाही, राग नाही. फक्त त्या बोलत नव्हत्या, म्हणजे त्याच्याशी बोलत होत्या, पण ते बावीस वर्षांचं बोलणं बंद झालं होतं. संध्याकाळी भोजनालयातून आल्यावरही दार उघडंच राहायचं. नुसता भांड्यांचा आवाज.

चेतनला वाटलं, चार दिवसांत परत सुरू होईल. मला त्यानं हे महिन्यानं सांगितलं. तोवर नाटकाचे अजून तीन प्रयोग झाले होते, भंडाऱ्याला एक आणि नागपुरात दोन, आणि पुण्याहून बोलावणं आलं होतं. हे लपवण्यात अर्थ नाही: त्या महिन्यात चेतन सुखात होता. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला होता. ग्रंथालयातले लोक त्याला 'लेखक' म्हणून हाक मारायचे, थट्टेनं आणि थोडं खरंही. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं, आणि घरी गेल्यावर भांड्यांचा आवाज. दोन्ही एकाच वेळी होतं.

"मी अजून बी उभा राहतो दाराशी," तो मला म्हणाला. "समजून राहिलं काय? अजून बी. वाटते, आज बोलेल."

पुण्याचा प्रयोग मार्चमध्ये होता. आदल्या आठवड्यात त्यानं अभिजीतला सांगितलं, नाटक बंद करा. अभिजीत भडकला. तिकिटं निघालेली होती, माझी शाळेतून रजा मंजूर झाली होती. एका बाईच्या हट्टापायी सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी टाकतोस का, असं तो बोलला.

"तिनं काही म्हटलं नाही," चेतन म्हणाला. "म्हटलं असतं तं मी भांडलो असतो."

गट त्या वर्षी फुटला. अभिजीत मुंबईला मालिकांकडे गेला. मी चेतनवर रागावले होते, हेही खरं. माझं उभ्या आयुष्यातलं ते एकच मोठं काम, आणि त्याचे चार प्रयोग. मी सहा महिने ग्रंथालयात पाऊल ठेवलं नाही.

मग टाळेबंदी आली. भोजनालय बंद, ग्रंथालय बंद, दीड खोलीत दोघंच. चेतन रोज दुपारी सांगायचा, "मी गच्चीवर जाऊन राहिलो वं बाई. दोन तास येत नाही." मुद्दाम जिन्यावर पाय वाजवत जायचा. त्याला वाटायचं, घर मोकळं मिळालं तर त्या बोलतील. मे महिन्याच्या उन्हात तो पाण्याच्या टाकीच्या सावलीला पुस्तक घेऊन बसायचा. एका दुपारी खालून बाईंची हाक आली, "चेतन, किती करशील रे? ये खाली, उष्माघात होईल." तो उतरला. बाईंनी त्याला कैरीचं पन्हं दिलं आणि म्हणाल्या, "आता नाही येत ते बोलनं. तोंड उघडलं की वाटते, कोनीतरी लिहून घेऊन राहिलं."

त्या दिवसापासून तो गच्चीवर गेला नाही. वहीत लिहिणंही त्यानं त्याच दिवशी सोडलं.

दोन हजार बावीसच्या सुरुवातीला बाईंचे पाय सुजायला लागले. दम लागायचा. हृदय कमजोर झालं आहे, फार काही करण्यासारखं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. चेतननं मिळेल तेवढी रजा घेतली. मीही जायला लागले. राग केव्हाच विरला होता, त्याच्या जागी दुसरं काहीतरी बसलं होतं, ते जास्त जड होतं. बाई मला पाहून तोंड फिरवतील असं वाटलं होतं. त्यांनी जवळ बसवलं आणि विचारलं, "मटन जमते काय आता?"

बाई चौथी शिकलेल्या. अक्षरं जुळवत वाचायच्या, पण आता डोळ्यांना त्रास व्हायचा. म्हणून दुपारी चेतन त्यांना पुस्तक वाचून दाखवायचा. इतकी वर्षं पुस्तकांत राहिलेला माणूस, पण बहिणीला त्यानं कधी काही वाचून दाखवलं नव्हतं. आपल्याला तसं सुचलंच नाही, हे त्याला त्या वेळी समजलं. बाईंचं ऐकणं चोख होतं. एका कादंबरीतली नायिका खिडकीशी उभी राहून चार पानं विचार करत होती, तेव्हा त्या म्हणाल्या, "हे बाई एवढा विचार करते, मंग भात कधी मांडते?" आम्ही तिघंही हसलो. चेतन म्हणाला, "माझ्या साऱ्या वाचनात हा प्रश्न मले नाही पडला, बाई."

जुलैमध्ये एका दुपारी त्यानं पुस्तक मिटलं. मी खिडकीशी बसून औषधांच्या गोळ्या वेगळ्या करत होते.

"बाई, मी चुकलो," तो म्हणाला.

बाईंनी उशीवरचं डोकं त्याच्याकडे वळवलं. "चुकला नाही. नेलं तू. इचारलं असतं तं मी दिलं असतं काय, ते मले बी नाही सांगता येत."

"नाटक कसं वाटलं, ते तू कधी सांगितलंच नाही."

"चांगलं होतं. अर्धं तं मीच लिहिलं होतं ना." त्या किंचित हसल्या, मग दम लागला म्हणून थांबल्या. "पन शेवट खोटा केला. त्यायले कायले आनलं दारात?"

"मग कसा असाले पाहिजे होता?"

"ते येत नाही, चेतन. हे बाई बोलत राहाची, अन् तुमी पडदा पाडून टाकाचा होता."

चेतनला वाटलं, आजारपणात बाईंनी आशा सोडली. मलाही तेच वाटलं. जिन्यावर तो मला म्हणाला, "सव्वीस वर्षं वाट पाहून आता थकली ती." ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे झोपेतच त्या गेल्या.

तेरवीला मी वाढायला होते. वस्तीतली माणसं, भोजनालयातल्या बायका, ग्रंथालयातले दोघं-तिघं. पंगत उठत आली तेव्हा एक म्हातारे गृहस्थ आले, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. पारशिवनीहून बसनं आले होते. हे जागेश्वरजी, रुपरावांचे धाकटे भाऊ. चेतननं त्यांना बाईंच्या लग्नातच पाहिलं होतं. जेवण झाल्यावर ते अंगणातल्या बाजेवर बसले आणि आम्ही दोघं त्यांच्यासमोर.

"वहिनी मोठ्या मनाची," ते म्हणाले. "दादाचं कळवलं तेव्हा एकटी आली. एक शब्द नाही बोलली कोनाले."

चेतनला समजेना. "काय कळवलं?"

जागेश्वरजींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुले नाही मालूम? अरे, दादा दोन हजार नऊलेच गेला. रायपूरले. तिकडं त्यानं दुसरं घर केलं होतं, दोन पोरी हायेत. आमाले बी तो मेल्यावरच समजलं. मी वहिनीले निरोप धाडला. तिनं तुले सांगितलं, नात्यात लग्न हाये म्हनून. आमच्याकडं तीन दिवस राहिली. सारं इचारून घेतलं. तो तिथं काय करत होता, काय खात होता, त्या पोरी कशा दिसतात. सारं."

"अन् कुंकू?" चेतननं विचारलं.

"आमच्या आईनं म्हटलं तिले. तं म्हने, पुसत नाही. चेतनले बी सांगू नका. मी म्हटलं, काहून? तं म्हने, भाऊजी, मी घरात त्यायच्याशी बोलत असतो. वाट पाहनारी बाई बोलली तं लोक काही म्हनत नाहीत. मेलेल्या मानसाशी बोलली तं येडी म्हनतात. मंग माझं बोलनं बंद होईल."

उमरेडकडच्या जुन्या बायका 'मी बोलत असतो' असं पुरुषासारखंही बोलून जातात. जागेश्वरजींनी ते वाक्य तसंच उच्चारलं, वहिनीच्या स्वरात, आणि चेतननं मान खाली घातली.

त्या रविवारी चेतननं मला घरी बोलावलं. फरशीवर जुन्या वह्या तारखेप्रमाणे लावल्या होत्या. एसटी स्टँड, कोर्ट, पोह्याची गाडी, आणि मध्ये मध्ये कोपऱ्यात 'बाई' असं लिहून त्यांची वाक्यं. त्यानं मला दोन हजार नऊच्या आधीची वही दिली. कुठं होते इतके दिवस? काहून पत्र नाही टाकलं? कोन रांधून देते तुमाले? मी काय केलं होतं? पानोपानी प्रश्न. मग त्यानं नंतरची वही दिली. वांगी स्वस्त झाली. चेतन कायम झाला नोकरीत. शेजारच्या ताराबाईची सून माहेरी गेली. आज कंबर दुखून राहिली. मी दोन-तीन वह्या चाळल्या. एकही प्रश्न नव्हता.

"पाहिलं?" तो म्हणाला. "उत्तरं भेटली, म्हणून इचारणं बंद केलं तिनं. माझ्या अक्षरात आहे हे सारं. तारखेसहित. शब्द न् शब्द बरोबर उतरवला मी." त्यानं वही बंद केली. "अन् नाटकात सगळं एकत्र कालवलं. म्हटलं, वाट पाहणाऱ्या बाईचं नाटक आहे. ती वाट पाहतच नव्हती, प्रणाली. त्या माणसानं तिले सोडलं, दुसरं घर केलं, मेला, हे सारं माहीत असून ती त्याच्यासाठी मीठ कमी टाकत होती. दहा वर्षं. ते नाटक कुठं लिहिलं मी?"

"आता लिही," मी म्हटलं. म्हणायला नको होतं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. रागानं नाही. एखाद्या लहान मुलानं मागू नये ते मागितल्यावर आपण पाहतो, तसं.

याला आता बरीच वर्षं झाल्यासारखी वाटतात, पण तशी झाली नाहीत. चेतन अजून त्याच दीड खोलीत राहतो, त्याच ग्रंथालयात जातो. स्वतः रांधतो. त्यानं पुन्हा काही लिहिलं नाही. मागच्या वर्षी एका मोठ्या संस्थेनं ती एकांकिका मागितली, बऱ्यापैकी मानधन देणार होते. शेवट बदलून, थाप काढून टाकून द्यायला काय हरकत आहे, असं मी सुचवलं. बाईंनीच सांगितला होता तो शेवट. तो म्हणाला, "तो शेवट तिनं माझ्यासाठी सांगितला. लोकायसाठी नाही." मी विषय सोडला.

परवा शाळेच्या कामासाठी ग्रंथालयात गेले होते. दुपारची सुट्टी होती, तो जिन्याखाली बसला होता. पुस्तक उघडं, पण पान बराच वेळ तेच.

"काय वाचतोस?"

त्यानं मुखपृष्ठ दाखवलं. एका लेखकाचं आत्मकथन, गाजलेलं.

"कसं आहे?"

"चांगलं आहे. फार चांगलं आहे." त्यानं पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. "पण आजकाल वाचणं जमत नाही पहिलेसारखं. त्यात त्याच्या मावशीचं लिहिलं आहे, ती रडली कधी, कोणाजवळ रडली. वाचता वाचता मी अडतो. वाटते, हे त्यानं कुठून पाहिलं असेल? ती मावशी तेव्हा जिवंत होती काय? तिच्या हाती हे पुस्तक पडलं असेल काय?"

मी त्याच्याशेजारी टेकले. त्यानं विचारलं, "तू अजून नाटकात काम करते काय?" मी म्हटलं, शाळेतल्या मुलांचं बसवते, तेवढंच. तो बरं म्हणाला. वरून कोणीतरी त्याला हाक मारली, मासिकांचे गठ्ठे आले होते. तो उठला, पुस्तक बंद करताना पान किती आहे तेही त्यानं पाहिलं नाही, आणि जिना चढून गेला.